माहेरी पहिलं बाळंतपण: सातव्या महिन्यापासून काय काय ठरवून ठेवायचं

पहिल्या बाळाची तयारी म्हटलं की आधी झबली टोपडी डोळ्यासमोर येतात, ते साहजिकच आहे. पण कपडे एका संध्याकाळी घेऊन होतात, शिवाय बाळ झाल्यावर आत्या मावश्या आणतातच. आयत्या वेळी जमत नाहीत त्या गोष्टी वेगळ्याच असतात. रात्री दोनला कळा सुरू झाल्या तर गाडी कोणाची, तेव्हा हॉस्पिटलमधे डॉक्टर असतात का, रक्त लागलं तर कुठून येणार, आणि बाळाच्या तोंडात पहिलं काय जाणार हे घरात कोण ठरवणार. हे सगळं सातव्या-आठव्या महिन्यात शांत डोक्याने ठरवता येतं, कळा सुरू झाल्यावर कोणाचंच डोकं चालत नाही.

म्हणून हे सगळं त्याच क्रमाने लिहितेय. खास करून ज्या मुली नोकरीसाठी पुण्या-मुंबईत राहतात आणि डिलिव्हरीला माहेरी, म्हणजे सातारा, सांगली, लातूर, जळगाव अशा कुठेतरी जाणारेत त्यांच्यासाठी, कारण त्यात शेवटच्या दोन महिन्यात डॉक्टर बदलतात आणि नेमक्या त्याच वेळी बऱ्याच गोष्टी मधल्या मधे राहून जातात.

१. आधी आठवड्यात मोजायची सवय लावा

घरात सगळे महिन्यात बोलतात आणि डॉक्टर आठवड्यात, त्यामुळे "आठवा लागला की संपला" यावरून रोज घोळ होतो. शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून २८० दिवस म्हणजे ४० आठवडे. सोपा हिशोब करायचा तर पाळीच्या तारखेत नऊ महिने आणि सात दिवस मिळवा. पाळी अनियमित असेल तर पहिल्या तीन महिन्यातल्या सोनोग्राफीवरून काढलेली तारीख धरतात. नंतरच्या सोनोग्राफीत तारीख आठ-दहा दिवस मागेपुढे छापून येते, ती बाळाच्या त्या वेळच्या मापावरून आलेली असते, खरी तारीख बदललेली नसते, पण बाळाची वाढ बरोबर आहे ना हे डॉक्टरांना त्यावरून जरूर विचारा.

३७ आठवडे पूर्ण व्हायच्या आधी बाळ झालं तर ते अपुऱ्या दिवसांचं धरतात. बरोबर दिलेल्या तारखेला फार थोडी बाळं येतात, त्यामुळे तारीख डोक्यात ठेवून चालू नका, ३६ आठवडे झाले की कधीही निघायची तयारी हवी.

२. जायचं कधी आणि जाताना काय न्यायचं

बऱ्याच घरात आठव्यात प्रवास नको म्हणतात, मग सातव्यात डोहाळजेवण झालं की लगेच मुलगी माहेरी जाते नाहीतर एकदम नववा लागल्यावर. माझं मत विचाराल तर ३२ ते ३४ आठवड्याच्या मधे जाणं सगळ्यात सोयीचं, तोपर्यंत बऱ्याचशा तपासण्या आधीच्या डॉक्टरांकडे झालेल्या असतात आणि नव्या डॉक्टरांना तुम्हाला ओळखायला निदान तीन-चार व्हिजिट मिळतात. अर्थात बीपी, जुळं, वार खाली असणं, आधी कळा येऊन गेलेल्या असणं असं काही असेल तर प्रवासाचं तुमच्या डॉक्टरांनाच विचारायचं, तिथे माझं किंवा शेजारच्या काकूंचं ऐकायचं नाही. विमानाने जाणार असाल तर शेवटच्या महिन्यांत कंपन्या डॉक्टरांचं पत्र मागतात आणि ३६ आठवड्यांनंतर सहसा घेतच नाहीत, तिकीट काढायच्या आधी नियम वाचा.

गाडीने जाताना दर दीड-दोन तासांनी उतरून पाच मिनिटं चाला, एका जागी पाय लोंबकळत ठेवून बसू नका, पाणी प्या. सीट बेल्ट लावायचाच, खालचा पट्टा पोटाच्या खालून मांड्यांवर येईल असा आणि वरचा दोन्ही छातींच्या मधून, पोटावरून आडवा घ्यायचा नाही.

आता फाईल. ही फाईल म्हणजे तुमच्या सात महिन्यांची सगळी माहिती आहे आणि नवीन डॉक्टरांना तेवढंच दिसणारे. त्यात सगळ्या सोनोग्राफीचे रिपोर्ट हवेत, पहिला तर हवाच हवा कारण तारीख त्यावर आहे. ब्लड ग्रुप, हिमोग्लोबिन, साखरेची टेस्ट, थायरॉईड, एचआयव्ही, हिपॅटायटिस बी यांचे रिपोर्ट, धनुर्वाताची इंजेक्शनं कधी घेतली त्या तारखा, चालू गोळ्या, कशाची ॲलर्जी असेल तर ती. निघताना आधीच्या डॉक्टरांकडून एका पानावर सगळा गोषवारा लिहून घ्या, मागितलं तर देतात. आणि प्रत्येक कागदाचा फोटो काढून तुमच्या, नवऱ्याच्या आणि आईच्या फोनमधे ठेवा. आशाताईंनी दिलेलं माता-बाल संरक्षण कार्ड असेल तर तेही बरोबर घ्या, प्रायव्हेटमधे जाणार असलात तरी.

दोन गोष्टी फाईलमधे स्वतः शोधून बघा. एक, तुमचा ब्लड ग्रुप निगेटिव्ह आणि नवऱ्याचा पॉझिटिव्ह असेल तर २८ आठवड्यांच्या सुमारास अँटी-डी इंजेक्शन झालंय का, आणि बाळ पॉझिटिव्ह निघालं तर डिलिव्हरीनंतर ७२ तासांच्या आत परत द्यावं लागतं, ते लहान गावात पटकन मिळेल का हे आधीच विचारून ठेवा. दुसरं, हिपॅटायटिस बी पॉझिटिव्ह असेल तर बाळाला जन्मानंतर १२ तासांच्या आत लशीबरोबर अजून एक वेगळं इंजेक्शन लागतं, ते आधी मागवून फ्रीजमधे ठेवायला लागतं. या दोन्ही गोष्टी डॉक्टर बदलताना निसटतात.

३. हॉस्पिटल ठरवणं

यावर मी जास्त लिहिणारे कारण यावरच सगळं अवलंबून आहे. तालुक्याच्या ठिकाणी बहुतेक वेळा एका डॉक्टर मॅडमचं हॉस्पिटल असतं, त्या वरच्याच मजल्यावर राहतात, सगळ्या गावाच्या डिलिव्हऱ्या त्यांनी केलेल्या असतात, कदाचित तुमची पण. हा मोठा आधार आहे. पण सिझर लागलं तर भूलतज्ज्ञ बाहेरून येतात, एकच भूलतज्ज्ञ गावातल्या चार हॉस्पिटलांना जातात, म्हणून डॉक्टर चांगल्या आहेत एवढ्यावर थांबू नका, पुढचे प्रश्न सरळ विचारा, विचारल्याचा राग कोणी चांगले डॉक्टर धरत नाहीत.

रात्री डॉक्टर स्वतः इथे असतात का, आणि त्या बाहेरगावी असतील तर कोण बघतं? अचानक सिझर करायचं ठरलं तर भूलतज्ज्ञ किती वेळात येतात? रक्त कुठून येतं, ब्लड बँक गावात आहे का जिल्ह्याला? बाळाचे डॉक्टर डिलिव्हरीच्या वेळी हजर असतात का बोलवावे लागतात? बाळाला काचेत ठेवायची वेळ आली तर इथेच सोय आहे का दुसरीकडे न्यायचं, आणि न्यायचं तर कुठे, किती किलोमीटर? लाईट गेले तर जनरेटर आहे ना? कळा चालू असताना आई किंवा नवरा जवळ थांबू शकतात का? बाळ झाल्यावर माझ्याजवळच ठेवणार ना, आणि पहिल्या तासात अंगावर पाजायला कोण मदत करेल?

या उत्तरांवरून कळतं. बीपी, साखर, जुळं, आधीचं सिझर असं काहीही असेल तर माझा आग्रह राहील की आईपासून थोडं लांब पडलं तरी चालेल पण जिथे बाळाचं एनआयसीयू (नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग) आणि रक्त एकाच आवारात आहे तिथेच जा, भले मग जिल्ह्याच्या गावी मामाकडे किंवा भाड्याच्या खोलीत आठ दिवस राहायला लागो.

सरकारी दवाखान्याचा विचार मनातून काढून टाकू नका. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात २०११ पासून सरकारी दवाखान्यात नॉर्मल आणि सिझर दोन्ही मोफत आहे, औषधं, तपासण्या, रक्त, जेवण (नॉर्मलला तीन दिवस, सिझरला सात दिवस), घरून दवाखान्यात आणि परत घरी सोडायची गाडी पण त्यातच येते. दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर बायकांची मोफत तपासणी असते. आणि सोबतीला घरची एक बाई आत थांबू देण्याबद्दल केंद्र सरकारने २०१६ मधेच सांगितलंय, तेव्हा तिथेही विचारा.

गडचिरोली, नंदुरबार, मेळघाट अशा भागात पावसाळ्यात नाले भरले की रस्ताच बंद होतो, तिथल्या मुलींसाठी काही आरोग्य केंद्रांत माहेरघर आहे, तारखेच्या चार-पाच दिवस आधी जाऊन केंद्राशेजारीच राहायचं, सोबत घरचं एक माणूस पण राहू शकतं. पावसाळ्यातली तारीख असेल तर आशाताईंकडे याची चौकशी सातव्या महिन्यातच करा.

४. रात्रीची योजना

कागदावर लिहून फ्रीजवर चिकटवा, फोनमधे असून उपयोग नाही कारण फोन नेमका तुमच्याकडे असतो आणि धावपळ बाकीचे करत असतात. त्यावर हॉस्पिटलचा लँडलाईन आणि मोबाईल, डॉक्टरांचा नंबर, गाडी असलेले दोन शेजारी (एक गावाला गेले तर दुसरे), १०८ ही इमर्जन्सी ॲम्ब्युलन्स, १०२ ही गरोदर बायका आणि लहान बाळांसाठीची गाडी. खाली तुमचा ब्लड ग्रुप आणि त्या ग्रुपचे दोन नातेवाईक जे वेळ पडली तर रक्त द्यायला येतील. त्यांना आत्ताच विचारून ठेवा.

नवरा पुण्यात आणि तुम्ही लातूरला असाल तर तो पोचायच्या आत बाळ होऊ शकतं हे दोघांनी आधीच मनाशी धरा, सही कोण करणार, पैसे कोणाच्या खात्यात, निर्णय फोनवर कसा घ्यायचा हे बोलून ठेवा. पॅकेजमधे काय येतं काय नाही (औषधं, भूलतज्ज्ञ, बाळाचे डॉक्टर, खोली) ते विचारून तेवढे आणि वर थोडे पैसे हाताशी ठेवा. मेडिक्लेम असेल तर ते हॉस्पिटल यादीत आहे का, आणि बाळाचं नाव पॉलिसीत किती दिवसांत घालावं लागतं हे एचआरला आत्ताच मेल करून विचारा.

त्याच मेलमधे रजेचं पण लिहा. २०१७ पासून पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवडे पगारी रजा आहे, त्यातले जास्तीत जास्त ८ आठवडे डिलिव्हरीच्या आधी घेता येतात. आधी जितके घ्याल तितके नंतरचे कमी होतात हे लक्षात ठेवून ठरवा.

५. अंगावर लक्ष: कधी थांबायचं, कधी पळायचं

बाळाची हालचाल रोज बघायची. जेवण झाल्यावर डाव्या कुशीवर पडा आणि मोजा, दोन तासांत दहा वेळा तरी हललं पाहिजे, बहुतेक वेळा त्याच्या खूप आधीच दहा होतात. "नववा लागला, आता जागा नाही म्हणून कमी हलतं" असं खूप जणी सांगतील, ते खरं नाही. लाथा मारण्यापेक्षा कूस बदलल्यासारखं वाटायला लागतं हे खरं, पण हलणं कमी होता कामा नये. कमी वाटलं तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, जाऊन ठोके तपासून घ्यायचे. गोड खाऊन बघू, सकाळी बघू असं करू नका.

झोपताना कुशीवरच झोपा, शक्यतो डाव्या, जाग आल्यावर पाठीवर असाल तर घाबरायचं काही नाही, परत वळायचं.

खोट्या कळा शेवटच्या महिन्यात येतच राहतात, पोट दगडासारखं होतं आणि सुटतं, थोडं चाललं, पाणी प्यायलं, पडून राहिलं की थांबतात. खऱ्या कळा थांबत नाहीत, दोन कळांमधलं अंतर कमी कमी होत जातं, बऱ्याचदा कंबरेतून सुरू होऊन पुढे येतात. पहिल्या वेळी दर पाच मिनिटांनी मिनिटभर टिकणारी कळ आणि असं तासभर चाललं की निघायचं. हॉस्पिटल तासाभराच्या अंतरावर असेल किंवा घाट उतरायचा असेल तर एवढी वाट बघू नका, नियमित व्हायला लागल्या की निघा. चिकट, थोडंसं लालसर डाग दिसले तर तो गर्भाशयाचं तोंड उघडायला लागल्याचा भाग आहे, डॉक्टरांना फोन करून सांगा, लगेच पळायची गरज नसते.

या गोष्टी झाल्या तर मात्र कळांची वाट न बघता लगेच:

- अंगावरून पाणी गेलं, थेंब थेंब का असेना. किती वाजता गेलं ते लिहा, स्वच्छ पॅड लावा, रंग बघा. हिरवट किंवा पिवळसर असेल तर अजिबात वेळ घालवायचा नाही.
- पाळीसारखं लाल रक्त.
- डोकं ठणकतंय आणि कशाने थांबत नाही, डोळ्यासमोर अंधारी किंवा चमकल्यासारखं, छातीच्या खाली वरच्या पोटात दुखणं, तोंड-हात अचानक सुजणं. हे बीपीचं असू शकतं. बीपी १४० / ९० किंवा त्याच्या वर आलं तर कितीही बरं वाटत असलं तरी जायचं.
- ताप, दम लागणं, झटका.
- ३७ आठवड्यांच्या आत नियमित कळा.

आणि नवव्यात लवकर मोकळी व्हावी म्हणून एरंडेल द्यायची पद्धत काही घरात अजून आहे, ते कृपा करून घेऊ नका, जुलाब उलट्या होऊन अंगातलं पाणी जातं आणि मग कळा द्यायला ताकद राहत नाही. तूप खाल्ल्याने बाळ सटकन येतं असंही म्हणतात, तसं काही नसतं, भातावर आवडीपुरतं खा.

६. बॅग

३४-३५ आठवड्याला भरून दाराजवळ. तीन वेगळ्या पिशव्या करा, एकीत सगळं कोंबलं की सोबतच्या माणसाला काही सापडत नाही.

तुमची: पुढून उघडणारे तीन-चार गाऊन, मोठ्या सुती निकर, मॅटर्निटी पॅड (साधे लांब पॅड पण चालतात पण भरपूर घ्या), फीडिंग ब्रा, कानाला बांधायला रुमाल, शाल, घरातल्या चपला, केसांचं रबर, दात घासायचं सामान. सिझर झालं तर टाक्यावर घासणार नाही असा सैल गाऊनच बरा, पायजमा नको.

बाळाची: पाच-सहा बांधायची झबली, टोपडी, मोजे, भरपूर लंगोट, सहा-आठ मऊ सुती दुपटी, एक जाड गुंडाळायला. जुन्या सुती साडीची किंवा धोतराची दुपटी नव्यापेक्षा खूप मऊ असतात, आजीकडे मागा. डायपर वापरणार असाल तर सगळ्यात लहान मापाचं एकच छोटं पाकीट घ्या, बाळं ते फार दिवस वापरत नाहीत.

सोबतच्या माणसाची: फाईल, दोघांचं आधार, बँक पासबुकची झेरॉक्स, रोख पैसे, चार्जर आणि एक्स्टेन्शन बोर्ड, थर्मास, ताट वाटी पेला, चटई, चादर, बिस्किटं. लहान हॉस्पिटलमधे बादली मग्गा पण घरून न्यावा लागतो, आधी विचारा.

कपड्यांबद्दल एक गोष्ट फार महत्त्वाची आहे. तुमची स्वतःची किंवा भावंडांची जपून ठेवलेली झबली ट्रंकेतून निघतात, आणि त्यात डांबराच्या गोळ्या ठेवलेल्या असतात. त्या गोळ्यांमुळे काही बाळांच्या रक्तातल्या लाल पेशी फुटतात आणि कावीळ खूप वाढते. म्हणून तसे कपडे, गोधड्या, शाली दोनदा स्वच्छ धुवा, कडक उन्हात वाळवा, वास पूर्ण जाईपर्यंत वापरू नका, आणि बाळाच्या कपाटात नवीन गोळ्या अजिबात टाकू नका. नवे कपडेही एकदा धुऊनच घालायचे.

बाळ होण्याआधी काही आणायचं नाही असं तुमच्याकडे मानत असतील तर वाद घालू नका, जुनी दुपटी धुऊन ठेवा आणि बाकीची यादी बहिणीच्या हातात द्या, दुकान तर तिथेच आहे.

७. आई आणि सासूबाईंशी आत्ताच बोला

बाळ झाल्यावर तुम्ही दमलेल्या असणार, टाके दुखत असणार, रडू येत असणार आणि त्या वेळी आजूबाजूला पाच बायका पाच सल्ले देणार. प्रत्येकीला बाळाचं भलंच हवंय. म्हणून हे बोलणं आता करायचं, आणि माझ्या बघण्यातला सगळ्यात चांगला उपाय म्हणजे शेवटच्या एका व्हिजिटला आईला आणि जमलं तर सासूबाईंना पण बरोबर न्या आणि त्यांच्यासमोर डॉक्टरांना विचारा. तुम्ही सांगितलं की "हिला काय कळतंय" होतं, डॉक्टर मॅडमनी सांगितलं की घरी गेल्यावर आईच बाकीच्यांना सांगते.

काय विचारायचं? पहिलं, बाळाच्या तोंडात पहिलं काय. मध नको, साखरपाणी नको, गाईचं दूध नको. जन्मल्यापासून तासाभरात अंगावर घ्यायचं. पहिले दोन-तीन दिवस येणारं पिवळं घट्ट चिकाचं दूध थोडंच असतं पण बाळाचं पोट पण तेवढंच असतं, ते काढून टाकायचं नाही. सिझर झालं तरी पाजता येतं, फक्त कोणीतरी बाळ धरायला लागतं. पुढे सहा महिने फक्त आईचं दूध, पाणी पण नाही, गुटी पण नाही, ग्राइप वॉटर पण नाही. मध तर वर्षभर नाही, त्यातून लहान बाळांना फार गंभीर विषबाधा होऊ शकते. गुटीची सहाण स्वच्छ असली तरी हे लागू आहे.

"दूध पुरत नाही" हे वाक्य तिसऱ्या दिवशी हमखास ऐकू येतं. त्यावर मोजमाप ठेवा: पाचव्या-सहाव्या दिवसापासून दिवसाला सहा किंवा जास्त वेळा शू होतेय, बाळ २४ तासांत आठ ते बारा वेळा पितंय, म्हणजे पुरतंय. पहिल्या आठवड्यात वजन थोडं उतरतं, साधारण दोन आठवड्यांत परत जन्माच्या वजनावर येतं. डबा आणि बाटली आधी आणून ठेवू नका. पावडरच्या दुधाची आणि बाटल्यांची जाहिरात करायला आपल्याकडे १९९२ च्या कायद्याने बंदी आहे, ती काही उगाच नाही. कधी काढून पाजायची वेळ आली तर वाटी-चमचा किंवा बोंडलं, उकळून. अपुऱ्या दिवसांचं बाळ असेल आणि आईचं दूध यायला वेळ लागत असेल तर मोठ्या हॉस्पिटलांत मिल्क बँक असते, मुंबईत सायन हॉस्पिटलमधे १९८९ पासून आहे, आशियातली पहिली. तुमच्या जवळ कुठे आहे ते एनआयसीयूत विचारा.

दुसरं, शेक आणि धुरी. बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवायची नाही, त्याचा वायू वास न येता माणूस मारतो, बाळाला तर धूर अजिबातच नको. शेकायचं असेल तर गरम पाण्याची पिशवी, आणि सिझरच्या टाक्यांवर तेही नाही. खोलीची एक खिडकी उघडी राहू द्या, मच्छरदाणी लावा.

तिसरं, मालिशवाल्या मावशी. त्यांच्या हाताला गुण असतो, बाळंतिणीला खरंच बरं वाटतं, ठरवा जरूर. पण आधी सांगून ठेवा की बाळाच्या नाका-कानात तेल नाही, छाती पिळायची नाही, नाळेवर हळद, तेल, राख, काहीही लावायचं नाही, नाळ कोरडी ठेवली की आपोआप पडते. जन्मल्यावर पहिल्या २४ तासांत अंघोळ पण नको, बाळ गार पडतं. काजळ डोळ्यात नाही. दृष्टीसाठी हवंच असेल तर तळपायाला तीट लावा, सगळ्यांचं मन राहतं. झोपवताना पाठीवर, कडक सपाट गादीवर, मोहरीची उशी न घेता.

चौथं, बाळंतिणीचं जेवण. पाणी कमी द्यायची पद्धत काही ठिकाणी आहे, ती नको, उलट प्रत्येक पाजण्याच्या वेळी एक पेला पाणी प्या. भाज्या, डाळ, अंडं, मासे जे तुमच्याकडे खातात ते सगळं. लाडू नवव्याच्या शेवटी करा, डिंकाचे आणि मेथीचे डब्यात महिनाभर राहतात, अळिवाचे मात्र ओल्या नारळाचे असल्याने फ्रीजमधे आठवडाभरच, ते थोडे थोडे करायचे. बाळंतशेपा, सुंठ, खारीक आणून ठेवा, बाकी आईला माहीत असतं.

आणि भेटायला येणाऱ्यांचं पण आत्ताच ठरवा. सर्दी-खोकला असलेल्याने बाळाजवळ यायचं नाही, बाकीच्यांनी हात धुवायचे, पापी नाही. हे नवऱ्याने किंवा वडिलांनी सांगायचं, बाळंतिणीला वाईटपणा घ्यायला लावू नका.

८. बाळ झाल्यावर लगेचची कामं, आत्ताच माहीत असलेली बरी

हॉस्पिटलमधून निघायच्या आधी बाळाला बीसीजी, पोलिओचे थेंब, हिपॅटायटिस बी (ही २४ तासांच्या आत) आणि व्हिटॅमिन के झालंय का ते कार्डावर बघा. कावीळ दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बऱ्याच बाळांना दिसते, पण पहिल्या २४ तासांतच दिसली किंवा तळपाय-तळहात पिवळे दिसले तर कोवळ्या उन्हात धरून बसू नका, दाखवा. बाळ पीत नाही, सुस्त पडलंय, अंग गार किंवा तापलंय, श्वास जोरात चाललाय, तर तेव्हाही थांबायचं नाही.

गावी असाल तर आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येतात, बाळाचं वजन करतात, ताप बघतात. गडचिरोलीत डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांच्या सर्च संस्थेने गावातल्याच बायकांना शिकवून हे घरी जाऊन बघणं सुरू केलं, त्याने नवजात बाळांचे मृत्यू किती कमी होतात हे १९९९ मधे लॅन्सेट या वैद्यकीय मासिकात छापून आलं आणि पुढे ते देशभर आशाताईंच्या कामात आलं. त्यांना दारातून परत पाठवू नका, घरात डॉक्टर असले तरी. माहेरी आल्याचं तिथल्या आशाताईंना कळवा, नाहीतर तुमचं नाव सासरच्या यादीत राहतं आणि कोणीच येत नाही. मातृवंदना योजनेत पहिल्या बाळासाठी ५,००० रुपये दोन हप्त्यांत मिळतात, दुसरं बाळ मुलगी असेल तर ६,०००, तुम्ही पात्र आहात का आणि कागद कोणते तेही त्यांनाच विचारा, सरकारी नोकरीत असाल तर मिळत नाहीत.

स्वतःकडेही बघा. पहिल्या आठवड्यात उगाच रडू येतं, ते बहुतेक जणींना होतं आणि जातं. दोन आठवडे झाले तरी तसंच असेल, झोप उडाली असेल, बाळाकडे बघवत नसेल, नको नको ते विचार येत असतील तर लपवू नका, डॉक्टरांना सांगा किंवा १४४१६ या टेली मानसच्या नंबरवर बोला, मराठीत बोलता येतं. अंगावरून तासाला एक पॅड भिजेल इतकं जात असेल किंवा ताप असेल तर लगेच हॉस्पिटल.

शेवटचं काम जन्मनोंदणी. हॉस्पिटल नगरपालिकेला किंवा ग्रामपंचायतीला कळवतं, पण फॉर्म तुमच्या सहीने जातो, आणि १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांना शाळेपासून पासपोर्टपर्यंत जन्मतारखेसाठी हाच दाखला लागतो. आई-वडिलांची नावं आधारवर आहेत तशीच, अक्षर अन् अक्षर जुळवून, सही करायच्या आधी स्वतः वाचा, माहेरचं नाव की सासरचं हेही आधी ठरवून ठेवा. नोंदणी २१ दिवसांत करायची असते आणि बाळाचं नाव ठरलं नसेल तर रकाना रिकामा सोडता येतो, नाव पुढे वर्षभरात फी न भरता घालता येतं. बारसं बाराव्या दिवशी करणार असाल तर २१ दिवसांच्या आतच नावासकट होऊन जाईल, फक्त दाखला माहेरच्या गावात मिळणारे हे लक्षात ठेवा आणि पुण्या-मुंबईला परत जायच्या आधी दोन-तीन प्रती काढून घ्या.